यादीत नसलेली बाटली

"ही यादी तुमच्याच हातची ना? मग ही बाटली यात का नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अर्ध्या डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन पाहिली. औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं काउंटरमागे उभ्या असलेल्या या माणसाला सगळी गल्ली 'अर्धे डॉक्टर' म्हणे, आणि खोटं कशाला बोला, त्यांनाही ते आवडे. आईच्या सहा गोळ्यांची यादी त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिली होती. तिच्या किडन्या थकल्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी किडनीला वाईट म्हणून घरातल्या दुखण्यावरच्या गोळ्याही त्यांनी काढून टाकल्या होत्या. आज सकाळी आई हाकेला ओ देईना. आता ती समोर हॉस्पिटलच्या खाटेवर निपचित पडली होती, आणि बायकोने घरून सगळी औषधं पिशवीत भरून आणली होती. त्यातच ही पांढऱ्या औषधाची बाटली निघाली.

"हे होय? हे पोट साफ व्हायचं," ते म्हणाले. "आम्ही साबणाशेजारी ठेवतो. याला चिठ्ठीसुद्धा लागत नाही."

"किती देत होता?"

"झोपताना दोन मोठे चमचे. चार महिने झाले."

"रोज?" बाईंचा आवाज चढला. "अहो, यात मॅग्नेशियम असतं. चांगली किडनी ते बाहेर टाकते, यांच्या रक्तात ते साचत गेलं. म्हणून ही गुंगी, म्हणून नाडी इतकी मंद. धडधाकट माणसानंही हे विचारल्याशिवाय आठवडाभराच्या वर घेऊ नये."

बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरात तेच छापलं होतं. अशा हजारो बाटल्या त्यांच्या हातून गेल्या होत्या, पण ती ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती. परक्याने नाही, शत्रूने नाही, आपण आपल्या हाताने आईला हे पाजलं!

शिरेतून कॅल्शियम दिलं, रक्त शुद्ध करणारं मशीन लावलं. दुपारी आईने डोळे किलकिले केले.

"त्याला रागावू नका हो," ती पुटपुटली. "मीच चोरून घेत होते."

"नाही, डॉक्टर," अर्धे डॉक्टर म्हणाले. "ती नको नको म्हणायची. मीच बळेबळे पाजत होतो."

त्यांना गप्प करायला आईने हात उचलायला घेतला. तो चादरीवरून दोन बोटंही वर आला नाही.