तपकिरी दोरा

तो दोरा तपकिरी होता. नवऱ्याच्या करड्या पॅन्टच्या आत, कमरेमागच्या शिवणीत, बाहेरून कुणाला दिसू नये असा — आणि शिवण उसवायला तिने कात्रीचं टोक आत घातलं तर नेमका तोच आधी वर आला. तिचा हात थांबला. पॅन्ट पहिल्यांदा आत घेतली त्या दिवशी करडा दोरा संपला होता, आत कोण बघतंय म्हणून तिने हाताला लागला तो ओवला होता... त्यानंतरचे सगळे टाके करडे.

नणंद समोर भाजी चिरत होती. हल्ली या घरात भाजी ढीगभर चिरावी लागे आणि तेल थेंबाथेंबाने पडे.

"वहिनी, दादाला पुन्हा नवरदेव केलंस बघ," नणंद म्हणाली. "आमच्या ह्यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण ढिम्म हलत नाहीत. दादा मात्र सकाळी उठून चालतो काय, गोड बंद, तळलेलं बंद... पोट कुठे गेलं कळलंसुद्धा नाही."

"हो ना," ती म्हणाली, आणि मान खाली घालून शिवण उसवत राहिली.

सगळे हेच म्हणत. डॉक्टरसुद्धा खूश होऊन म्हणाले होते, असंच चालू ठेवा — पण त्यांना तरी पुरतं कुणी सांगितलं होतं? चालणं सुरू व्हायच्या आधी, घरात अजून तळणीचा वास दरवळत होता तेव्हाच, ही पॅन्ट त्याच्या कमरेवरून घसरायला लागली होती. तिला वाटलं, आपलीच शिवण सैल पडली. जन्मभर लोकांचे कपडे बेतले आणि नवऱ्याच्याच कमरेला ढगळ, चारचौघांत काय शोभा... म्हणून त्याला न सांगता गुपचूप आत घेतली. शिंपिणीचा तोरा, दुसरं काय! माणूस आटत होता आणि मी कापडाला दोष देत बसले.

मनात पाल चुकचुकली ती पुष्कळ नंतर. तोवर तो बूट घालताना गुणगुणायला लागला होता, आरशासमोर बाजूला वळून स्वतःकडे बघायला लागला होता. एवढा आनंद मोडायचा, तो माझ्याच तोंडाने? आणि कदाचित आपलीच आठवण मागेपुढे होत असेल — पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं. दोरा तपकिरीच होता, चालण्याच्या आधीचा.

जिन्यावर त्याची पावलं वाजली. मधेच थांबली... पुन्हा वाजली. नणंद भाजी घेऊन आत गेली.

"झाली का आत घेऊन?" दारातूनच त्याने हसत विचारलं, आणि नेहमीसारखे दोन्ही हात वर करून तिच्यासमोर उभा राहिला.

तिने टेप कमरेभोवती फिरवली. आकडा वाचायची गरज नव्हती. तिच्या बोटांनाच कळलं.

"ही नाही घेणार मी आत," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परक्या बाईचा वाटला. "ढगळच घालून चला डॉक्टरांकडे. मी येते बरोबर. सगळं सांगू."

त्याने हात खाली घेतले. हसू कुठेच नव्हतं. मशीनवरची पॅन्ट त्याने ओढली, उलटी केली, आणि न शोधता त्या तपकिरी दोऱ्यावर बोट ठेवलं.

"ही पहिल्यांदा आत घेतलीस ना," तो हळू म्हणाला, बहिणीला ऐकू जाऊ नये असा, "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालायला लागलो मी. म्हटलं, बारीक व्हायला तुला काहीतरी कारण दिसायला हवं."

म्हणजे ते गुणगुणणं... तो आरसा... आणि ती रोज समोर बसून खाल्लेली अळणी भाजी. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच रागात त्याला घट्ट धरून ठेवावंसं वाटलं.

"दादा, मीठ घालू की नको रे?" आतून नणंदेने विचारलं.

 टेप अजून त्याच्या कमरेभोवती होती, दोन्ही टोकं तिच्या मुठीत. ती सोडायला तिचे हात तयार होईनात.