फाटकावर तपासलेली बॅग

मित्रांनो, माझ्यात हात घालण्याआधी तो मला दाखवा. राग मानू नका. मी एक जुनी चामड्याची बॅग आहे, आणि संशय घेणे हा माझा जन्माचा नाही, नोकरीतून आलेला स्वभाव आहे.

माझा जन्म चेन्नईतल्या पेरियमेटचा. तेव्हा शहराला मद्रास म्हणत. तिथल्या एका कारागिराने मला म्हशीच्या कातड्यातून कापले, मेणाच्या दोऱ्याने शिवले, पितळी कडी लावली आणि दुकानात टांगून ठेवले. तंजावरहून आलेल्या बालाजीराव नावाच्या तरुणाने मला उचलले. त्यांना शहराबाहेरच्या आवडी नावाच्या गावी, सरकारी कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती. त्या कारखान्यात लष्कराचे काम चाले. काय काम चाले, ते विचारू नका. बालाजीरावांनी ते घरीसुद्धा कधी सांगितले नाही, मग मी कशी सांगू?

रोज संध्याकाळी सुटताना फाटकावर शिपाई मला उघडत असे. जेवणाच्या डब्याचे झाकण काढून बघे, माझ्या अस्तराखाली बोटे फिरवी. काही सापडत नसे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तितक्याच मन लावून शोधे. ज्याला रोज तपासतात, तो हळूहळू स्वतःच सगळ्यांना तपासू लागतो. माझे तसेच झाले.

बालाजीराव निवृत्त झाले आणि आम्ही वेस्ट मांबलमच्या लहानशा फ्लॅटमध्ये आलो. मला माळ्यावर, नवरात्रीत पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या बाहुल्यांशेजारी ठेवले. बाहुल्या वर्षातून एकदा खाली उतरत. मला कोणी उतरवत नसे. माझ्यावर बुरशी आली, कडी हिरवी पडली.

मला खाली काढले ते कीर्तनाने. ही बालाजीरावांची नात. आईवडील परदेशात असल्याने तिला आजा-आजीनेच वाढवले. ती मॅनेजमेंट शिकत होती, आणि २००७ च्या उन्हाळ्यात तिला एका इन्व्हेस्टमेंट बँकेत दोन महिन्यांचे काम मिळाले.

"ही कशाला नेतेस? नवी घे," बालाजीराव म्हणाले.

"नवी सगळ्यांकडे आहे, अज्जा."

ते खोबरेल तेलाचा बोळा घेऊन मला चोळत बसले.

ही बँक लोकांचे पैसे ठेवून घेणारी नव्हती. एक मोठी कंपनी दुसरीला विकत घेते, तेव्हा त्यांची किंमत काढून देणारी होती. तिथल्या एका तुकडीत शिकाऊ उमेदवार दोघे होते, कीर्तना आणि रणवीर. उन्हाळ्याच्या शेवटी दोघांतल्या एकाला तिथे कायमची नोकरी मिळणार होती. कीर्तनाला ती हवी होती, कारण ती मिळाली तर चेन्नईत राहता येणार होते. नाही तर गाव सोडावे लागणार, आणि आजा-आजी दोघेच उरणार.

मला ते ऑफिस पहिल्या दिवसापासून आवडले नाही. कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नसे. भिंती काचेच्या, पण आतले ऐकू येत नसे. एक यंत्र कागदांच्या शेवया करी. कॉफीसुद्धा भिंतीतून येई, आणि जी कॉफी कोणी केली ते दिसत नाही तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. तुकडीच्या प्रमुख विजयलक्ष्मी मॅडम मात्र मला हात लावून म्हणाल्या, "खरं चामडं आहे हे." माझा ऊर भरून आला. मग वाटले, ही बाई इतके गोड का बोलते?

मॅडमनी दोघांना समोर बसवून बजावले, "या खोलीबाहेर कंपनीचं नाव काढायचं नाही. 'प्रोजेक्ट जास्मिन' म्हणायचं. लिफ्टमध्ये नाही, कॅन्टीनमध्ये नाही, घरीही नाही." कीर्तनाने मान डोलावली, आणि तमिळमध्ये किंवा इंग्रजीत तिने ते नाव खरोखर कधी काढले नाही.

पण मित्रांनो, तंजावरच्या मराठी घरांत एक सवय असते. चारचौघांत बसूनही मराठीत बोलायचे, जणू मध्ये पडदा ओढला आहे. साडीच्या दुकानात कीर्तनाची आजी सईबाई विक्रेत्याकडे बघून गोड हसे आणि कीर्तनाला म्हणे, "रंग जाईल गे याचा. त्यांनी दिलेलं घोटभर पाणी पी, आणि ऊठ." विक्रेताही गोड हसे. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नात, सगळीकडे असेच चाले. चेन्नईत आपली भाषा कोणाला कळते?

रोज दुपारी कीर्तना कॅन्टीनमधून आजीला फोन करी. मी तिच्या मांडीवर असे. सईबाईला कमी ऐकू येत असल्याने ती मोठ्याने बोले, आणि मला सगळे कळे.

"भांडी तर घासायला लावत नाहीत ना गे तिथं?"

"नाही आजी. आपल्या गच्चीवर पंप आहे ना, त्या कंपनीला दुसरे लोक विकत घेताहेत. त्याचं काम चाललंय."

"मग आपला पंप काढून नेतील का?"

"कोणी नेत नाही, आजी."

"सरी, सरी," आजी तमिळमध्ये 'बरं, बरं' म्हणाली. "नीट विचारून ठेव."

माझे लक्ष मात्र पलीकडच्या टेबलावर असे. तिथे रणवीर बसे. त्याच्या कार्डावर 'रणवीर एस.' असे होते. चेन्नईत वडिलांचे नाव असो की आडनाव, असे एका अक्षरात गुंडाळून ठेवतात. तो कुठला, हे कीर्तनाने कधी विचारले नव्हते. उत्तरेकडचा असेल असे ती धरून चालली होती. कीर्तनाचा फोन सुरू झाला की त्याचा चमचा थांबे. पेला ओठांशी धरून बसे, पण पीत नसे. रोज एकेक टेबल जवळ सरके. मी मनात म्हटले, या पोराच्या अस्तराखाली काहीतरी आहे.

एके दिवशी कीर्तनाने फोन ठेवला आणि तो समोर येऊन बसला.

"आजींना सांग, पंपाची काळजी करू नका," तो म्हणाला. मराठीत.

"तुला मराठी येते?"

"सातारचा आहे मी. साळुंखे."

"केव्हापासून ऐकतोस?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि सांगतोस आज?"

त्याने खाली बघितले. "मॅडमना तू आपणहून सांग. उद्या दुपारपर्यंत. नाही तर मला सांगावं लागेल. नियम मलाही आहे."

किती सोपे होते बघा. खुर्ची एक, उमेदवार दोन. एकाने स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केली की दुसऱ्याला काही करायलाच नको. माझ्या मनात आले, तेच कीर्तनाच्याही मनात आले. घरी जाताना तिने मला पोटाशी इतके आवळून धरले की कडी रुतली असेल.

घरी तिने आजीला विचारले, "मी सांगितलेलं कोणाला बोललीस का?"

"मी कशाला बोलते? देवळात भेटते त्या मैत्रिणीला, तुळसीला म्हटलं तेवढं. ती आपलीच आहे."

बालाजीरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "माझी बॅग रोज उघडून बघायचे. तोंड उघडून बघायची सोय नव्हती. ते माझ्यावर सोडलं होतं."

"मग मी परकी का?" सईबाई फणकारली.

"परकी नाहीस. तुळसीला सांगितलंस की नाही?"

सईबाई उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

"अज्जा, तो माझी जागा घ्यायला हे करतोय," कीर्तना म्हणाली.

"असेल."

"मग?"

"त्याचं मन वाईट असेल. म्हणून तू बोललीस ते बोलली नाहीस असं होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्तना मॅडमच्या खोलीत गेली. मी तिच्या पायांशी होते. तिने काहीही न लपवता सांगितले, तुळसीचेसुद्धा.

मॅडमनी आवाज चढवला नाही. "मराठी कोणाला कळणार नाही असं वाटलं?"

"आमच्या घरी सगळ्यांना तसंच वाटतं, मॅडम."

"आमच्या मुंबईच्या ऑफिसातली माणसं याच कॅन्टीनमध्ये जेवतात."

मग मॅडम म्हणाल्या, "रणवीर आत्ताच येऊन गेला."

बघा! मी म्हटलेच होते. दुपारचा शब्द देऊन सकाळीच घात केला.

"तो स्वतःबद्दल सांगायला आला होता," मॅडम म्हणाल्या. "नको ते ऐकलं, कळलं, आणि इतके दिवस गप्प बसलो, असं म्हणाला. कोणाकडून ऐकलं ते विचारलं, तर नाव घेईना. ती व्यक्ती आपणहून येईल म्हणाला."

दोघांनाही त्या कामावरून काढले. उरलेले दिवस दोघे वेगळ्या खोलीत बसून जुन्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या कंपन्यांचे आकडे उतरवत राहिले. नोकरी त्या उन्हाळ्यात कोणालाच मिळाली नाही. कीर्तनाला आता नोकरीसाठी हैदराबादला जावे लागणार हे ठरल्यासारखेच झाले. सईबाई ते ऐकून दोन दिवस देवळात गेली नाही.

शेवटच्या दिवशी बसथांब्यावर कीर्तनाने त्याला विचारले, "पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"इथे आल्यापासून मराठी कानावर पडली नव्हती," रणवीर म्हणाला. "तुमची तर पोथीतल्यासारखी जुनी मराठी. सांगितलं असतं, तर तू बोलायची थांबली असतीस."

मी ते वाक्य शिवण उसवून तपासले. आत काही सापडले नाही. पण मॅडमकडे तो प्रामाणिकपणाने गेला, की कीर्तना आपलेही नाव घेईल या भीतीने, ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

बस आली, ती भरलेली. बायकांच्या बाजूला जागा नव्हती. रणवीरला पलीकडे एक मिळाली. तो उठू लागला, तेव्हा कीर्तना म्हणाली, "बस तू. ही धर." आणि चेन्नईच्या बसमध्ये उभी माणसे बसलेल्यांच्या मांडीवर सामान देतात, तसे तिने मला त्याच्या मांडीवर दिले.

मी कडी घट्ट केली. त्याने कडीला हात लावला नाही. दोन्ही तळवे माझ्यावर उपडे ठेवून तो मांबलमपर्यंत तसाच बसला.

मित्रांनो, चामडे वापराने फाटत नाही, कोंडून ठेवल्याने तडकते. म्हणून मला माळ्यावर टाकू नका, अधूनमधून तेल लावा. गुपित सांगताना आजूबाजूला बघा, भाषा कोणतीही असो. आणि एखाद्याचा संशय आला तर खुशाल घ्या, मीही घेते. पण त्याला आपली बॅग एकदा धरायला देऊन बघा.