आवाजाचा फोल्डर

प्रोग्रॅमला लागणारी लायब्ररी बसता बसता पुन्हा अर्ध्यात अडली, तशी धाकटीने लॅपटॉपला एक अस्सल शिवी हासडली आणि लगेच जीभ चावून मागे पाहिलं. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. ऐकू त्यांना अजून चांगलं येई. त्यांचे डोळे बारीक झाले, म्हणजे ते हसले.

या आजाराने आधी त्यांची जीभ नेली, मग हात. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं ऐकायचं. हे तेच बाबा, ज्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवताना अख्ख्या गावाला शिव्यांची लाखोली वाहिली होती. बोलणं जड व्हायला लागलं, तेव्हा धाकटीने त्यांना माइकसमोर बसवलं आणि वाक्यं वाचून घेतली. कंटाळले की मध्येच ओरडायचे, "अहो बाई, ब्रेक म्हणजे पायपुसणं नव्हे!" तिने तेही ठेवलं. त्या रेकॉर्डिंगवरून तिने प्रोग्रॅम बांधला. बाबांनी बोटाने अक्षरं टिपायची आणि लॅपटॉपने ती त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच खाकरण्यासकट बोलायची. रोजचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "सरकार, चहा." मग स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "आले!" आणि काही न विचारता त्यांच्या मापाच्या साखरेचा चहा यायचा. घरात सरकार म्हणजे आई.

धाकटीने नोकरी सोडली आणि ऑफिसचा लॅपटॉप काल परत गेला. नव्यावर सगळं बसवायचं म्हणून सकाळपासून हा घोळ चालला होता. आवाज जुळवणारी ती लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, कुणा अनोळखी माणसाने लिहून फुकट वाटलेली. नव्या मशिनला तिचं नवं व्हर्जन हवं, त्याला आणखी एक लायब्ररी हवी, तिला तिसरीच. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याने सगळी भावकी घेऊन यावी, तशातली गत. पण धाकटीही खमकी होती. दुपार कलता कलता शेवटची लायब्ररी बसली आणि पडद्यावरच्या लाल ओळी गेल्या.

"झालं बाबा! बोला आता."

बाबांनी अक्षरं टिपली. लॅपटॉप गप्प. पडद्यावर एकच ओळ उमटली, फाईल सापडली नाही.

तिने आवाजाचा फोल्डर उघडला. नावं सगळी जागच्या जागी होती. एकावर टिचकी मारली, काही नाही. दुसऱ्यावर मारली, काही नाही. मग तिच्या लक्षात आलं.

रेकॉर्डिंग फार जड होती. प्रोग्रॅमची नवी प्रत काढताना दर वेळी ती कशाला वाहायची, म्हणून जुन्या लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात तिने ती ठेवून दिली होती आणि प्रोग्रॅमच्या फोल्डरात फक्त त्यांच्या लिंक. ऑफिसात नव्या पोरांना तीच बजावायची, "लिंक म्हणजे दारावरची पाटी. पाटी उचलून आणली म्हणून घर येत नाही." काल घाईत तिने नुसत्या पाट्या उचलून आणल्या होत्या. तिने बॅकअपची डिस्क लावली. तिथेही पाट्याच. दर आठवड्याला न चुकता, इमानेइतबारे पाट्याच.

ऑफिसात मशिनं सांभाळणाऱ्याला तिने फोन लावला.

"तुमचा लॅपटॉप ना ताई? सकाळीच साफ केला. तुम्हीच म्हणालात, घरचं आहे सगळं, नीट पुसा. असा पुसलाय की आता देव आला तरी त्यातून काही निघायचं नाही."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबा तिच्याकडे बघत होते. शिकणाऱ्याचा पाय चुकायच्या आधीच त्यांना कळायचं, तो कुठे चुकणार ते. तिला त्यांच्या कुशीत डोकं खुपसून ढसाढसा रडायचं होतं. पण ती रडली असती, तर काय झालं म्हणून विचारायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. तिने लायब्ररीसोबत आपसूक पदरात पडलेला तयार आवाज निवडला.

"आज दुसरा आवाज लावते," ती म्हणाली. "आजच्यापुरता."

बाबांचं बोट पडद्यावर टेकलं. मग सावकाश हललं.

"सरकार, चहा," कुणीतरी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणालं. बातम्या सांगावं तसं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "आले" काही ऐकू आलं नाही. आई हात पुसत, केस सारखे करत बाहेर आली आणि तिने आधी दाराकडे पाहिलं.

"कोण आलंय गं?"

धाकटीने मान वर केली नाही. बाबांचं बोट पुन्हा हलू लागलं. एकेका अक्षराला वेळ लागत होता आणि आई दाराकडे बघत तशीच उभी होती.

"कोणी नाही," तो माणूस म्हणाला. "मीच आहे."

आईने पलंगाकडे पाहिलं. घाईघाईने हसली, मान डोलावली आणि आत निघाली. उंबऱ्यापाशी मात्र तिचा पाय अडला. मागे न वळताच तिने विचारलं,

"साखर किती घालू?"