विल्डाचा ढग

मागच्या मे महिन्यात, गावासाठी वादळांवर नजर ठेवणाऱ्या विल्डा प्रुएटने धान्याच्या कोठारातून उडालेली कोंड्याची धूळ पाहिली आणि रेडिओवर ‘टॉर्नेडो’ म्हणून कळवली. सगळं गाव चर्चच्या तळघरात चाळीस मिनिटं घाम पुसत बसलं. तेव्हापासून कॅन्ससमधल्या त्या टीचभर गावात तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती.

आज गव्हाच्या शेताकडेला गाडी लावून ती उभी होती. नैऋत्येला काळ्या ढगाचं पोट खाली लोंबत होतं. घाई न करता तिने पूर्ण एक मिनिट पाहिलं. ढग गरागरा फिरत होता. गावात या वेळी सॉफ्टबॉलचा सामना रंगात आलेला असणार.

तिने रेडिओ उचलला. पलीकडे डेल्मर होता. गावाचा धोक्याचा भोंगा त्याच्या हाती.

“डेल्मर, ढग फिरतोय. तीन मैलांवर आहे, गावाकडेच येतोय.”

“ढगच ना गं? की परत कोंडा?”

“कोंडा खालून वर जातो. हा वरून खाली येतोय. आधी भोंगा वाजव, मग पोटभर हस.”

भोंगा वाजला. रिवाजाप्रमाणे अर्धं गाव आधी अंगणात येऊन आभाळ बघत राहिलं. या खेपेला मात्र बघून पळालं.

दहा मिनिटांत टॉर्नेडोने मैदानातली बाकं उचलून शेजारच्या गावाला देऊन टाकली. बाकांवर कोणीही नव्हतं.

“विल्डा,” तळघरातून रेडिओवर डेल्मरचा अगदी मऊ आवाज आला, “आम्ही बाहेर येऊ का? तू सांगितल्याशिवाय दार उघडायला कोणी तयार नाही.”

आभाळ केव्हाच निवळलं होतं. विल्डाने थर्मासमधली कॉफी ओतली.

“अजून पाच मिनिटं बसा,” ती म्हणाली. “खबरदारी म्हणून.”