बापाचा लेक

पडायचं कसं, हे त्याच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच कळत नव्हतं. डोक्यावर उचलून आपटलं तरी हनुवटी छातीला टेकलेली, दोन्ही तळवे आधी मॅटवर, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्याच्याही काळजात चर्र व्हावं, आणि अंगावर साधा ओरखडा नाही. आता या कुस्तीत कोण जिंकणार ते दुपारीच ठरतं हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण दुपारी ठरलेलं संध्याकाळी खरं वाटायला लावणं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यात हा पठ्ठ्या उस्ताद होता. आणि लोक? त्याची कुस्ती लागली की लोक उठून लघवीला जायचे.

मालकाने त्याचं नाव ठेवलं होतं पोलाद. चंदेरी चड्डी शिवून दिली, प्रवेशाला धूर सोडला, एकदा मुखवटा घालून बघितला, मग तो काढून बघितला. ढिम्म. बाकीच्यांत एक लांब केसांचा होता, त्याला धड कोलांटी येत नव्हती, पण तो नुसता दोराला टेकून हसला की पोरी किंचाळायच्या. नाचता येईना तरी अंगण त्याचंच. पोलाद पडद्याआडून हे बघायचा आणि आतल्या आत जळायचा.

"तुझं सगळं बरोबर असतं रे," मालक म्हणायचा. "तिथेच तर घोडं अडतंय. हा मोसम बघतो. नाही जमलं तर तू आपला रिंगचे दोर आवळायला राहा, हात चांगला आहे तुझा."

घरी दोघंच, थोरली ताई आणि बाबा. ताई हॉस्पिटलच्या धुलाई खात्यात कामाला. बाबा सुतार, उभा जन्म दुसऱ्यांची दारं-खिडक्या बसवण्यात गेला. आता स्वतःच्याच घराचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही त्यांना आठवेनासं झालं होतं. सकाळचं दुपारी जायचं, दुपारचं लगेच. राहिलं होतं ते एकच, धाकट्या मुलाला ते बारक्या म्हणायचे. सहा फुटी गडी, पण बारक्या.

या धंद्याचा एक नियम आहे. हे ठरवून असतं, असं बाहेरच्यासमोर कधी कबूल करायचं नाही. बायकोसमोर नाही, आईबापासमोर नाही. बाकीचे घरी गुपचूप सांगून मोकळे होत. पोलादने मात्र नियम असा पाळला की बाबांनाही थांग लागू दिला नाही. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. "आज जिंकलो, बाबा," म्हटलं की सुताराचा तो जड हात खांद्यावर पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाबा वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगून यायचे. पुढे बाबांचं डोकं सैल व्हायला लागलं तेव्हा त्याने खरं सांगून बघितलं. पण भिजलेल्या भिंतीवर खिळा कुठे टिकतो? जेवताना सांगितलेलं हात धुवेपर्यंत गेलेलं असायचं.

एका शनिवारी ताईची कामाची पाळी बदलली. बाबांजवळ बसायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने त्यांना हॉलवर आणून पहिल्या रांगेत बसवलं. त्या संध्याकाळी त्याची गाठ रेड्याशी होती. रेडा म्हणजे त्या हॉलचा खलनायक. मानेचा पत्ता नाही, कपाळावर जुने वण, लोक त्याच्यावर शेंगांची टरफलं फेकायचे. ठरल्याप्रमाणे रेड्याने पोलादचा हात पिरगळला, त्याला गुडघ्यावर आणलं आणि पाठीत बुक्क्या घालायला लागला. लोक जांभया देत होते.

बाबा उठले. हातात काठी. रिंगच्या पायऱ्या त्यांना दिसल्याच नाहीत. ते कडेवर पोट टेकून, सरपटत दोराखालून आत आले. शर्ट दोराला अडकून वर गेला, फाटकं बनियन सगळ्या हॉलला दिसलं. "सोड त्याला," ते म्हणाले. "माझा बारक्या आहे तो." आणि पोरावर आडवे पडले, अंगाचं पांघरूण करून.

हॉल चिडीचूप. रेडा कसलेला गडी, त्याने प्रसंग ओळखला. हात वर केले, दोन पावलं मागे गेला आणि जन्मात पहिल्यांदा भ्यायल्यासारखं तोंड केलं. मग जो आवाज उठला, तसा त्या छपराखाली कधी उठला नव्हता. बायका पदराने डोळे पुसत होत्या. बाबांच्या खाली दबलेल्या पोलादला त्यांचं काळीज धडधडताना पाठीवर कळत होतं, आणि कान मात्र त्या आवाजाकडे होते.

"पुढच्या शनिवारी बाबा कुठे बसणार?" मालकाने विचारलं.

"चुकून झालं ते, मालक. त्यांना खरंच वाटलं."

"म्हणून तर विचारतोय." मालकाने खुर्ची जवळ ओढली. "ऐक. लोकांना ताकद बघायची नसते. ताकद त्यांनी गाढवातही बघितलेली आहे. ज्याचं काहीतरी जाणार आहे असा माणूस त्यांना हवा असतो. आजवर तुझं काय जाणार होतं? चड्डी?"

झालं. दर शनिवारी बाबा पहिल्या रांगेत. दर शनिवारी रेडा मारणार, बाबा सरपटत येणार, तेच शब्द बोलणार. त्यांना शिकवायला लागत नव्हतं, हीच तर सोय. आठवड्याभरात सगळं पुसलेलं असायचं आणि पोराला मार खाताना ते पुन्हा पहिल्यांदाच बघायचे. मालकाने पोलाद हे नाव पुसून टाकलं. भिंतीवर कागद लागले, बापाचा लेक. फाटकापासून रिंगपर्यंत लोक तेच ओरडायचे, बापाचा लेक, बापाचा लेक. बायाबापड्या त्याच्या गालावरून हात फिरवायच्या. लांब केसांच्या हिरोला कुणी विचारीना.

घरी बाबांचे हात रविवारभर थरथरत. चमचा तोंडापर्यंत जाईना. झोपेत "सोड त्याला, सोड त्याला" आणि सकाळी अंथरूण ओलं. ते धुवायचं ताईने, दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी धुऊन आल्यावर.

"लाज वाटत नाही तुला?" ती एकदा चादर पिळता पिळता म्हणाली. "दर आठवड्याला तू त्यांच्या डोळ्यांदेखत मरतोस."

"दुसऱ्या दिवशी त्यांना आठवतही नाही, ताई."

"डोक्याला आठवत नसेल. अंगाला आठवतं." तिने चादर बादलीत आपटली. "असलं लोकांचं प्रेम काय जाळायचंय? बाबा तुला ओळखतात म्हणून धावत येतात, ते तरी कळतंय का तुला? ज्या दिवशी बारक्या म्हणायचं थांबेल त्या दिवशी काय करशील?"

"त्या दिवशी बंद करीन. तुझी शपथ."

"माझी नको घेऊस. मला अजून जगायचंय."

पण तोंडाला रक्त लागलं होतं. कुस्तीच्या आधी फाटकापाशी सह्या, फोटो, कुणाचं पोर कडेवर घे, कुणाच्या म्हातारीला मिठी मार. बाबांना कपडे बदलायच्या खोलीत बसवून तो बाहेर पळायचा. खोलीत उरायचा रेडा. खलनायकाने बाहेर हसताना दिसायचं नाही, ही मालकाची सक्त ताकीद, त्यामुळे बिचाऱ्याला जायला जागाच नव्हती. तोच बाबांच्या शर्टाची बटणं लावायचा, बिस्कीट चहात बुडवून भरवायचा, संडासला नेऊन आणायचा. बाबा त्याला सागाचं लाकूड कसं ओळखायचं ते सांगायचे. दर वेळी तेच, आणि तो दर वेळी नव्याने ऐकायचा. रेड्याचा बाप तो लहान असतानाच गेला होता. "जेवलास का रे?" बाबा विचारायचे. "जेवलो, बाबा," रेडा म्हणायचा. हे बघून लेकाला काय वाटलं असेल? बरं झालं, फुकटचा माणूस मिळाला.

एकदा तो घाईने आत येत होता. दाराशीच त्याला ऐकू आलं, "बारक्या, माझा चष्मा दे." आणि रेड्याने निमूटपणे चष्मा दिला. लेक दारातच थबकला. मग त्याने मनाशी म्हटलं, हल्ली ते सगळ्यांनाच म्हणत असतील. ताईला त्यातला शब्द सांगितला नाही.

मोसमाची शेवटची कुस्ती आली. मालकाने दुपारी सगळं समजावलं. आज उलटं. आधी रेडा मारणार, मग लेक उठणार आणि रेड्याला असा तुडवणार की लोकांचं वर्षभराचं उट्टं निघावं. बाबा आले तर ठीक, नाहीतर शेवटी त्यांना वर घेऊन हात उंचावायचा.

कपडे बदलताना रेडा म्हणाला, "आज बाबांना इथेच बसू दे. मी सांगतो म्हणून ऐक."

"का?"

"आज मी मार खाणार आहे." तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिला. "ते मला... त्यांचा घोटाळा होतो रे."

लेकाला कळलं. चांगलं कळलं. चष्म्याचा प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. पण बाहेर लोक त्याचं नाव घेत होते. "तू तुझं पडायचं बघ," तो म्हणाला, आणि बाबांचा हात धरून त्याने त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

आधी रेड्याने मारलं. लेक पडला, उठला, पुन्हा पडला. त्याची नजर सारखी पहिल्या रांगेकडे जात होती. बाबा जागचे हलले नाहीत. ते शेजारच्याला काहीतरी विचारत होते, बहुतेक चहा मिळेल का असं. मग त्याची पाळी आली. त्याने रेड्याला कोपऱ्यात दाबलं आणि बुक्क्या घालायला सुरुवात केली, ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराने. रेडा गुडघ्यावर आला.

बाबा उठले. काठी, कड, पोटावर सरपटणं, वर गेलेला शर्ट. सगळं तेच.

"सोड त्याला," ते म्हणाले. "माझा बारक्या आहे तो."

हॉल खदखदला. लोकांना वाटलं, म्हातारा गोंधळला, काय गोड. लेक मात्र बाबांसमोर उभा राहिला आणि त्याने चारचौघांत जन्मभर पाळलेला नियम मोडला. हजार माणसांसमोर, हळू आवाजात. "बाबा, मी आहे. मी बारक्या. हे खोटं आहे सगळं, खोटं खोटं आहे. कुणी कुणाला मारत नाही."

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कीड लागलेली फळी बाजूला काढताना सुतार बघतो, तसं.

"तुझा बाप कुठे असतो?" त्यांनी विचारलं. "त्याने काही शिकवलं नाही तुला?"

आणि त्यांनी काठी हाणली. म्हाताऱ्या माणसाचा हात तो, काठी नीट बसलीसुद्धा नाही. खांद्याला चाटून गेली. त्याला उभं राहता आलं असतं. बाबांचा हात धरून त्यांना खाली नेता आलं असतं, हात जोडून लोकांना घरी जा म्हणता आलं असतं. पण हॉलमधून आवाज उठला, तोच आवाज, आणि त्या आवाजाबरोबर त्याचं अंग आपोआप मागे गेलं. तो पडला.

छप्पर उडतंय की काय असं झालं. बापाचा लेक, बापाचा लेक, लोक बाकांवर चढून ओरडत होते. बाबा रेड्यापाशी बसले, त्याचं तोंड चाचपू लागले. "लागलं का रे फार?" रेड्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि ते सोंग नव्हतं. तो बाबांच्या खांद्यावरून खाली पडलेल्याकडे बघत पुटपुटला, "ऊठ. अरे, ऊठ आणि सांग त्यांना."

लेकाने मान किंचित वळवली. पडद्यापाशी मालक उभा होता. दोन्ही तळवे जमिनीकडे करून तो सांगत होता, पडून राहा, अजून थोडं, पडून राहा.

तो पडून राहिला. त्याच्या डोक्याजवळून बाबांच्या चपला गेल्या, शेजारून रेड्याचे बूट. "शर्ट घाल अंगात," बाबा सांगत होते, "गार वारा आहे बाहेर. ताई वाट बघत असेल, चल घरी." रेड्याने दोर वर उचलून धरला आणि म्हाताऱ्याला वाकवून हळूच खाली उतरवलं.

लेक मॅटवर होता, हनुवटी छातीला, दोन्ही तळवे उपडे, अगदी जसं असायला हवं तसं. त्या संध्याकाळी लघवीला एकही माणूस उठला नाही.