सगळ्या बोटी सुखरूप

"सदा, कुठल्या बंदरात आहे तेवढं सांग. मी जाऊन आणते त्याला," चंद्रावतीकाकी म्हणाली आणि तिनं मोबाइल सदानंदच्या पुढ्यात ठेवला.

मेसेज मदतकक्षाचाच होता. 'आपण कळवलेली बोट सुखरूप परतली आहे. घटना बंद.' सदानंदनं तो पुन्हापुन्हा वाचला, पण त्याला काही उलगडा होईना. काकीचा मुलगा जीवन नरपडच्या किनाऱ्यावरून बोट घेऊन गेला, त्याला तीन वर्षं होत आली होती. बोट आली नव्हती आणि जीवनही नाही.

डहाणूच्या या मदतकक्षात फोन उचलण्यातच सदानंदची उमेदीची वर्षं सरली होती. तलासरीकडून जमीन हादरल्याचे फोन यायचे, किनाऱ्यावरून बोट न परतल्याचे. आलेली खबर तो कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात जमेल तशी टाकायचा. आता भाविनी नावाची इंजिनिअर मुलगी त्या जुन्या खबरा नव्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये हलवत होती. कॉम्प्युटर तोच, टेबल तेच, मग हललं काय, हे काही सदानंदच्या डोक्यात शिरत नव्हतं. विचारायची लाज वाटे, म्हणून तो नुसतं "हां, हां" करी.

काल तिनं विचारलं होतं, "अंकल, एवढ्या बोटींच्या घटना अजून चालू दाखवतात. परत आल्याच नाय का?"

"आल्या की. बोट आली नाय तर लोक फोन करतात. आल्यावर कोण करतंय? मासळी उतरवतील की आपल्याला कळवत बसतील?"

"मग जुन्या सगळ्या सुखरूप करून टाकू?"

"टाक," चहा पितापिता तो म्हणाला होता. एका झटक्यात सगळ्या बोटी किनाऱ्याला लागल्या, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं होतं. त्यांत जीवनचीही होती, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

"घटना बंद झाली की कळवणाऱ्याला मेसेज ऑटोमॅटिक जातो, अंकल," भाविनी आता हळू आवाजात म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी बोलली होती तुम्हाला."

बोललीही असेल. त्यानं "हां, हां" केलं असेल.

काकीनं पिशवीतून घडी घातलेला शर्ट काढून दाखवला. "हा घेऊन आले. अंगावर धड कपडा तरी असेल का त्याच्या?"

सदानंदनं मोबाइल तिच्याकडे सरकवला. "काकी, चूक झाली. जीवन आलेला नाय."

"चूक कशी? सुनेनं वाचून दाखवलं ना मला."

"मशीननं पाठवलं ते."

"मशीनला कोणी सांगितलं?"

"मी."

काकी खुर्चीत बसली. रडली नाही, ओरडली नाही. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "सून हसली रे सकाळी," एवढंच म्हणाली. "आता घरी जाऊन काय सांगू तिला?"

भाविनीनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. सुखरूप, मृत, चालू, यांतलंच एक निवडायचं होतं. ती कुजबुजली, "मृत टाकू? त्याचा मेसेज जाणार नाय असं करते."

सदानंद गोंधळून गेला. काल न बघता त्यानं पोराला घरी आणलं होतं, आज बघून मारायचं? त्याला कोणी दिला हा अधिकार?

"होतं तसं कर. चालू."

"रोज लाल दिसेल, अंकल. रिपोर्ट क्लिअर नाय होणार."

"दिसू दे."

तिनं बटण दाबलं आणि टेबलावरचा मोबाइल वाजला. काकीनं तो उचलून त्याच्यापुढे धरला. "वाच."

"आपण कळवलेल्या घटनेवर कार्यवाही चालू आहे," सदानंदनं वाचलं.

"म्हणजे शोधताय अजून?"

शोध केव्हाच थांबला होता. कोणी थांबवला, कधी, हे त्यालाही धड माहीत नव्हतं. तो भाविनीकडे पाहत राहिला आणि भाविनी कीबोर्डकडे.

काकीनं तेवढ्यात सुनेला फोन लावला होता. "नाय गं, तो मेसेज चुकीचा होता," ती म्हणाली. "पण शोधतायत अजून. सदा बोलला आत्ता."

सदानंद काहीच बोललेला नव्हता. आताही तो बोलला नाही.