राजाची आई

असाबी आत्याला बरीच वर्षं मूल नव्हतं. माणसाला मातीतून घडवणारा तो ओबाताला, म्हणून त्याच्या देवळात ती पांढरं नेसून बसायची. शेवटी अकान्नी झाला. सवत ओयादोयिन वांझच राहिली. एकदा कोनफळाची फोड उचलली म्हणून तिने अकान्नीच्या हाताला तापलं उलथनं लावलं होतं.

म्हातारा राजा वारला आणि राजघराण्यातल्या मुलांमधून कौल लागला तो अकान्नीला. गादीवर बसण्याआधीची रीत म्हणून त्याला लगेच एकांतात नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी कारभारी ओगुनताडे आत्याच्या अंगणात आला.

"बाई, मुसळ ठेव जरा. तुझा लेक आता देव झाला. देव कुणापुढे वाकत नाही. पण आई दिसली की लेक लोटांगण घालणारच."

"मग नको घालू दे. मी कुठे मागतेय?"

"रीत आहे. तू नदीपलीकडच्या मळ्यावर राहायचं. राजाची आई म्हणून वाड्यात दुसरी बसेल."

"कोण?"

ओगुनताडे भिंतीकडे बघत म्हणाला, "ओयादोयिन."

"जिनं त्याला डागलं ती?"

"तिच्यापुढं तो कधी वाकलाच नाही ना. म्हणून तर."

आत्या मळ्यावर गेली. मी भाकरतुकडा घेऊन जायचे तेव्हा एकच म्हणायची, "पोराला ठाऊक नसणार गं. कळलं की बघ कसा धावत येईल."

ओबातालाच्या उत्सवाला जायचा तिने हट्टच धरला. पांढऱ्या गर्दीत आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो. राजा आला. मुकुटाच्या मण्यांच्या झालरीआड तोंड दिसत नव्हतं. मी तिचा हात धरेपर्यंत आत्या ओरडली, "अकान्नी! बाळा!"

वाद्यं थांबली. राजाही थांबला. झालर हलली. तो पुटपुटला, आणि ओगुनताडेनं ते मोठ्यानं सांगितलं, "महाराज विचारतात, ही म्हातारी कोण? आमच्या मातोश्री तर या इथं उभ्या आहेत."

पोवळ्यांनी मढलेली ओयादोयिन मान खाली घालून उभी होती. तिलासुद्धा लाज वाटली असावी.

परतताना होडीत आत्या म्हणाली, "आवाज त्याचाच होता. ऐकलास ना?" पुन्हा तिने त्याचं नाव काढलं नाही.

पावसाळ्यात ती गेली. मी वाड्यावर निरोप पाठवला. उत्तर आलं, मातोश्री खुशाल आहेत, गावात अफवा पसरवू नये. मळ्यातच एका झाडाखाली आम्ही तिला पुरलं.